रोटिक: रफार न गिळणारं इंग्रजी

जळगावला बी.ए. इंग्रजीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे. नोकरीसाठी फोनवर मुलाखत झाली. नंतर आलेल्या कागदावर बोलण्याबद्दल शेरा होता, ‘स्पष्ट, रोटिक ॲक्सेंट’. तिला कळेना की हे कौतुक आहे की ठपका. शब्दाचा अर्थ काय, उच्चार कसा करायचा, तो कुठे वापरतात, आला कुठून, आणि मुख्य म्हणजे तो ‘घालवायला’ हवा का, एवढं तिने विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: घालवायचं काहीच नाही. ‘रोटिक’ हा ना शाबासकीचा शब्द आहे ना ठपक्याचा. ‘गव्हाळ’ म्हटल्यावर जसा फक्त रंग कळतो, तशी या शब्दाने बोलण्याची एक खूण कळते.

अर्थ सांगायला मराठी वाचकाइतकं सोपं गिऱ्हाईक नाही, कारण आपल्याकडे रफार आहे. ‘कार्ड’ लिहिताना ड च्या डोक्यावर जो आकडा येतो तो रफार, म्हणजे व्यंजनाच्या आधी आलेला, स्वर नसलेला र. इंग्रजीच्या ज्या ढबीत हा रफार उच्चारला जातो, आणि शब्दाच्या शेवटचा ‘कार’, ‘वॉटर’, ‘डोअर’मधला र सुद्धा उच्चारला जातो, ती ढब रोटिक. जिथे या दोन्ही जागांवरचा र गिळला जातो, ‘काऽड’, ‘काऽ’, ‘वॉटअ’ असं ऐकू येतं, ती नॉन-रोटिक. स्वराच्या आधीचा र दोघंही म्हणतात. ‘रेड’, ‘व्हेरी’, ‘ब्रेड’ या शब्दांवरून समोरचा कोणत्या गटातला ते कळणारच नाही. गंमत म्हणजे ‘रोटिक’ या शब्दातला र पहिलाच आहे, त्यामुळे खुद्द हा शब्द दोन्ही गटांत सारखाच ऐकू येतो.

इथे बहुतेकांची एक गफलत होते. रोटिक म्हणजे ‘र घोळवून, कडक बोलणारा’ असं समजलं जातं. तसं नाही. र कसा म्हणता याच्याशी या विशेषणाचा संबंध नाही. कोणत्या जागी म्हणता, एवढंच ते पाहतं. अमेरिकी माणसाचा र जीभ कुठेही न टेकवता, मऊ येतो. कित्येक स्कॉटिश लोकांचा र आपल्यासारखा जिभेच्या एका टिचकीचा असतो. आपला धुळ्या-नंदुरबारचा र तर खणखणीत. तिघांचे र तीन जातीचे आहेत, पण तिघंही ‘कार्ड’मधला रफार म्हणतात, म्हणून तिघंही रोटिक.

एकाच आवाजावरून माणसाचा मुलूख ओळखणं खानदेशात कोणाला शिकवावं लागत नाही. ‘केळी’ला ‘केयी’, ‘डोळा’ला ‘डोया’, ‘काळा’ला ‘काया’ ऐकलं की पुण्या-मुंबईच्या एस.टी.त सुद्धा मागच्या बाकावरचा माणूस कुठला ते कळतं. ळ गेला आणि य आला, एवढीच ती खूण. इंग्रजीच्या मुलखात हेच काम र करतो. फरक इतकाच की त्यांनी त्या खुणेसाठी विशेषण घडवलं, आपण ‘आपल्याकडचा दिसतो’ म्हणून मोकळे होतो.

आता उच्चार. शब्दाचं स्पेलिंग आर-एच-ओ-टी-आय-सी. त्यातला एच पाहून मराठी माणूस हमखास ‘ऱ्होटिक’ म्हणतो, कारण ‘ऱ्हास’ आपल्या तोंडात बसलेला आहे. हा एच मुका आहे, ‘ऱ्हिदम’ नाही तर ‘रिदम’ म्हणतो तसाच. दुसरी चूक ‘केऑटिक’, ‘एक्झॉटिक’च्या धाटणीवर ‘रॉटिक’ म्हणण्याची. इथे ओ लांब आहे, ‘रोड’मधला: रोऽटिक, आणि जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे ‘रो’वर. अमेरिकेत मधला ट दोन स्वरांत सापडून ड सारखा मऊ होतो, ‘वॉटर’चं ‘वॉडर’ होतं तसा. मुलाखतीत हा शब्द वापरायची वेळ आली तर आणखी एक जपा. ‘अ रोटिक ॲक्सेंट’ घाईत म्हटलं आणि ओ आखूड झाला, तर ऐकणाऱ्याच्या कानावर ‘इरॉटिक’ पडतं. भाषाशास्त्राच्या वर्गांतला हा जुना विनोद आहे, पण नोकरीच्या मुलाखतीत तो आपल्या अंगावर यायला नको.

वापर अगदी सरळ आहे. नामाच्या आधी येतो, ‘रोटिक ॲक्सेंट’, ‘रोटिक स्पीकर’. क्रियापदानंतरही येतो, ‘स्कॉटिश इंग्लिश इज रोटिक’. उलट अर्थासाठी ‘नॉन-रोटिक’ हाच रूढ शब्द, मधे जोडरेघ देऊन. ‘अनरोटिक’ म्हणू नका. नाम हवं असेल तर ‘रोटिसिटी’. ‘व्हेरी रोटिक’ खटकतं, कारण हा गुण तिखटासारखा कमीजास्त मोजत नाहीत. एखादा माणूस कधी र म्हणतो आणि कधी सोडतो, त्याला ‘व्हेरिएबली रोटिक’ म्हणतात. सगळीकडे म्हणणाऱ्याला ‘फुली रोटिक’. ध्वनिशास्त्रात शब्दाचा दुसरा अर्थही आहे: जगातल्या भाषांतले जेवढे म्हणून र-जातीचे आवाज आहेत, टिचकीचा, घोळवलेला, फ्रेंच लोकांचा घशातला, त्या सगळ्यांना मिळून ‘रोटिक्स’ म्हणतात. पुस्तकात ‘रोटिक कॉन्सोनंट’ दिसलं तर तो हा दुसरा अर्थ, ‘रोटिक ॲक्सेंट’ दिसलं तर पहिला.

इंग्रजीत ॲक्सेंटसाठी विशेषणं पुष्कळ आहेत. ‘ब्रॉड’ म्हणजे गावाकडची ठसठशीत ढब, ‘क्लिप्ट’ म्हणजे शब्द तोडून-कापून बोलणं, ‘प्लमी’ म्हणजे उच्चभ्रू, जणू तोंडात आलुबुखार धरून बोलल्यासारखं. या प्रत्येकात बोलणाऱ्याबद्दल नाक मुरडणं किंवा मान तुकवणं काहीतरी दडलेलं असतं. ‘रोटिक’मध्ये ते नाही, आणि म्हणूनच हा शब्द अभ्यासकांना सोयीचा वाटला.

शब्दाचं कूळ ग्रीक आहे. ग्रीक लिपीतलं र चं अक्षर म्हणजे ‘रो’. विज्ञान शाखेच्या मुलांना हे अक्षर पाठ असतं, घनतेसाठी वहीत जे शेपटीवाल्या पी सारखं चिन्ह काढतात तेच. ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा र श्वास सोडून, ह मिसळून म्हणत. रोमन लोकांनी तो लिहिताना आरला एच जोडला. ‘रिदम’, ‘रेटरिक’, ‘ऱ्हायनो’ म्हणून आपण ज्याला हाक मारतो तो ‘रायनो’, या सगळ्यांतला एच त्याच वाटेने आला आणि पुढे मुका झाला.

पण ‘रोटिक’ हा शब्द स्वतः काही प्राचीन नाही. जुना शब्द होता ‘रोटॅसिझम’, म्हणजे एखाद्या आवाजाचा र होणं. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या स चा र झाला: ‘फ्लोस’ म्हणजे फूल, पण ‘फुलाचं’ म्हणायचं तर ‘फ्लोरिस’. इंग्रजीतल्या ‘जस्टिस’ आणि ‘ज्युरी’ या दोन शब्दांचं मूळ एकच आहे, एकात स राहिला, दुसऱ्यात र झाला. हे परकं वाटायचं कारण नाही. आठवी-नववीत विसर्गसंधी शिकताना ‘निः + जन = निर्जन’, ‘दुः + गुण = दुर्गुण’ आपण घोकलेलं असतं; तिथेही मूळच्या स चा र च होतो, आणि तोही बरोबर रफार होऊन डोक्यावर बसतो. वाचाउपचार करणारे ‘रोटॅसिझम’ हा शब्द वेगळ्याच अर्थाने वापरतात, र नीट न येण्याचा दोष म्हणून. तेव्हा कुठे ‘रोटॅसिझम’ वाचलं तर ते ‘रोटिक’चं नाम आहे असं धरून चालू नका.

‘रोटिक’ आणि ‘नॉन-रोटिक’ ही जोडी इंग्रजी ढबींसाठी वापरात आणली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे ध्वनिशास्त्रज्ञ जे. सी. वेल्स यांनी, १९६० च्या दशकाच्या अखेरीस. १९८२ मध्ये इंग्रजीच्या जगभरच्या ढबींवर त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ आला आणि जोडी पक्की रुळली. त्याआधी अभ्यासक ‘आर-फुल’ आणि ‘आर-लेस’ म्हणत, किंवा ‘आर-ड्रॉपिंग’. शेवटच्या दोन शब्दांत गोम अशी की ‘ड्रॉपिंग’ म्हटलं की काहीतरी सांडलं, चुकलं असा वास येतो, आणि ‘लेस’ म्हटलं की कमतरतेचा.

शब्द नवा, पण ज्याचं तो वर्णन करतो ते जुनं. स्पेलिंगमध्ये आर लिहिला जातो याचं कारण एके काळी इंग्लंडात सगळेच तो म्हणत. नाटककार बेन जॉन्सनचं इंग्रजी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापलं गेलं. त्यात त्याने नोंदवलं आहे की शब्दाच्या सुरुवातीचा र ठाम असतो, मधला आणि शेवटचा पातळ. म्हणजे पातळ व्हायला सुरुवात झाली होती. काही शब्दांत तर स च्या आधीचा र त्याहून आधीच उडाला होता. ‘बर्स्ट’चं ‘बस्ट’ आणि ‘कर्स’चं ‘कस’ ही जी जोड-रूपं आज इंग्रजीत आहेत ती त्याच जातीच्या गळतीची. पुढे १७९१ मध्ये जॉन वॉकर या कोशकाराने लिहून ठेवलं की लंडनमध्ये ‘बार्ड’, ‘कार्ड’, ‘रिगार्ड’ यांतला र जवळजवळ नाहीसा होऊन ‘बाऽड’, ‘काऽड’, ‘रिगाऽड’ असं ऐकू येतं. एकोणिसाव्या शतकात ही सवय दक्षिण इंग्लंडच्या शिकल्या-सवरल्या वर्गात पक्की झाली.

या तारखा हातात ठेवल्या की जगाचा नकाशा आपोआप उलगडतो. सतराव्या शतकात अमेरिकेला गेलेले लोक र सोबत घेऊन गेले. ऑस्ट्रेलियात वसाहत १७८८ पासून आणि न्यूझीलंडमध्ये मोठ्या प्रमाणावर १८४० पासून. तिकडे गेलेल्यांत दक्षिण इंग्लंडच्या बोलीचं वजन होतं, त्यामुळे तिथलं इंग्रजी नॉन-रोटिक. क्रिकेटची ऑस्ट्रेलियन कॉमेंट्री लावून बघा: ‘ओव्हर’ची ‘ओव्हअ’, ‘फोर’चा ‘फोऽ’. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला साउथलंड भागात मात्र र टिकला, कारण तिथे स्कॉटिश वस्ती जास्त. स्कॉटलंड आणि आयर्लंड रोटिकच आहेत. खुद्द इंग्लंडात नैऋत्येकडे सॉमरसेट, डेव्हन, कॉर्नवॉल आणि उत्तरेत लँकशरचा थोडा पट्टा इथे जुना र अजून ऐकू येतो, तोही आता नव्या पिढीत विरतो आहे. कॅनडा रोटिक. वेस्ट इंडीज म्हणून आपण ज्याला एकच संघ समजतो त्यात बार्बाडोस पक्का रोटिक आहे, बाकीच्या बेटांवर मिश्र. दक्षिण आफ्रिका, नायजेरिया, सिंगापूर, मलेशिया इथे बहुतांशी र गिळला जातो.

अमेरिकेतच जरा जास्त थांबायला हवं, कारण ‘कोणती ढब चांगली’ या वादाचा फुगा तिथे फुटतो. बॉस्टन, न्यूयॉर्क आणि दक्षिणेकडची बंदरं लंडनशी जोडलेली होती. तिथल्या उच्चभ्रूंनी लंडनची नक्कल केली आणि र सोडला. बॉस्टनची नक्कल करताना ‘पार्क द कार इन हार्वर्ड यार्ड’ हे वाक्य ‘पाऽक द काऽ इन हाऽव्हड याऽड’ असं म्हणून दाखवतात. (खरा बॉस्टनकर ‘कार इन’मधला र म्हणतोच, कारण पुढे स्वर आहे, नकलाकार तिथे फसतात.) दुसऱ्या महायुद्धानंतर वारं फिरलं आणि र म्हणणं प्रतिष्ठेचं झालं. १९६२ मध्ये विल्यम लॅबोव्ह या संशोधकाने न्यूयॉर्कच्या तीन डिपार्टमेंट स्टोअर्समध्ये याची तपासणी केली: महागडं सॅक्स, मधलं मेसीज आणि स्वस्तातलं क्लाइन. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे असं तो विक्रेत्यांना विचारी. उत्तर येई ‘फोर्थ फ्लोअर’. एका उत्तरात दोन र, एक रफार आणि एक शेवटचा. मग ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारी, की दुसऱ्यांदा माणूस जपून बोलतो. सॅक्समध्ये ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१ आणि क्लाइनमध्ये २० टक्के लोकांनी सगळे किंवा काही र उच्चारले. म्हणजे लंडनमध्ये जो र म्हणणं गावंढळपणाचं, तोच न्यूयॉर्कमध्ये साहेबीपणाचं. र तोच, किंमत ठरवणारी पेठ वेगळी.

आता आपला र कुठून आला? इंग्रजांचं राज्य खानदेशात आलं १८१८ मध्ये, म्हणजे लंडनमध्ये र विरत असताना. पण इकडे येणाऱ्या अधिकाऱ्यांत स्कॉटिश आणि आयरिश पुष्कळ होते. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम स्कॉटलंडात ॲबर्डीनकडेच वाढला होता. तरीही आपला र साहेबांकडून आला असं म्हणण्यात अर्थ नाही. आपल्या भाषेत र कुठेही येतो आणि जिथे लिहिला तिथे म्हटला जातो. इंग्रजी आपण मुख्यतः पुस्तकातून, अक्षर वाचून शिकलो. ही दोन कारणं पुरेशी आहेत. म्हणून भारतीय इंग्रजी सर्वसाधारणपणे रोटिक आहे. कानाने घेतलेल्या थोड्या शब्दांत मात्र साहेबाचा गिळलेला र जसाच्या तसा उतरला. ‘लॉर्ड’चा ‘लाटसाहेब’ झाला त्यात र कुठे आहे? बऱ्हाणपूरकडच्या हिंदीतल्या ‘लालटेन’मध्ये ‘लँटर्न’चा र शोधून सापडत नाही. उलट ‘कर्नल’ बघा: स्पेलिंगमध्ये तिथे आर नाहीच, दोन एल आहेत, पण रोटिक तोंडाने म्हटला तर र येतो, आणि आपण तो ऐकून घेतला.

गावाकडे तर र गिळणं सोडाच, तो हातचा जाऊ नये म्हणून त्याच्यापुढे स्वर जोडला जातो. धर्म-कर्माचं धरम-करम, मार्गाचा मारग, वर्षाचं वरीस. हीच सवय इंग्रजी शब्दांना लागली आणि ‘फॉर्म’चं फारम, ‘कोर्ट’चं कोरट झालं. ‘फस्क्लास’मध्ये र गेला म्हणून कोणी ते नॉन-रोटिक समजेल, पण तसं नाही, तिथे र, स, ट अशी तीन व्यंजनं दाटीवाटीने आली म्हणून त्यातली दोन ढकलली गेली. तोच माणूस ‘कार्ड’ म्हणताना र सोडत नाही.

म्यानमारचं नाव हा या सगळ्यातला माझ्या मते सर्वांत गमतीचा भाग. तिकडच्या भाषेत त्या नावाच्या शेवटी र नाहीच, ‘म्यानमा’ आहे. रोमन लिपीत लिहिताना शेवटचा आ लांब आहे हे दाखवायला नॉन-रोटिक इंग्रजीच्या हिशोबाने आर लावला. ज्यांच्या तोंडी ‘काऽ’ असतो त्यांना त्यात काही खटकलं नाही. आपण आणि अमेरिकी लोक मात्र दिसला आर की म्हटला, आणि देशाच्या नावाला एक र फुकट चिकटला. कोरियातल्या ‘पार्क’ आडनावाचं तेच, मूळ ‘पाक’. इंग्रजी कादंबऱ्यांत पात्र अडखळताना ‘ई-आर’ किंवा ‘ई-आर-एम’ छापलेलं असतं. मराठी वाचक मनात ‘अर्र’, ‘अर्म’ वाचतो. ते फक्त ‘अऽ’ आणि ‘अम्’ आहे.

आता व्यवहाराचं. नोकरी अमेरिकी गिऱ्हाइकांशी बोलण्याची असेल, तर रफार म्हणण्याची सवय तुमच्याकडे आधीच आहे. बदलायची असलीच तर र ची जात. आपला र म्हणजे जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला एकदा थापटून सुटतं. अमेरिकी र मध्ये टोक कुठेच लागत नाही. सराव असा करा. ‘ईऽ’ म्हणा, जिभेच्या दोन्ही कडा वरच्या दाढांना टेकलेल्या जाणवतील. कडा तशाच ठेवून जीभ मागे ओढून घ्या, टोक हवेत राहू द्या, ओठ थोडे गोल करा आणि आवाज चालू ठेवा. बरोबर जमला का हे ओळखायची खूण एकच: आपला र एका टिचकीत संपतो, लांबवायला गेलं की ‘र्रर्र’ असा थरथरतो, हा न थरथरता पाच सेकंद एका सुरात धरता येतो. तो जमला की ‘बर्ड’, ‘नर्स’, ‘वर्क’ घ्या. या शब्दांत अ आधी आणि र नंतर असं दोन टप्प्यांत म्हणायचं नाही. ब नंतर थेट तो लांब र, मग ड. मधे वेगळा स्वर नाहीच.

खानदेशी तोंडाची ठरलेली चूक इथे नडते. ‘फार्म’चं ‘फारम’, ‘वर्ल्ड’चं ‘वरल्ड’, ‘मॉडर्न’चं ‘मॉडरन’ झालं की एक अवयव वाढतो आणि परका माणूस दुसराच शब्द शोधू लागतो. उपाय: र आणि पुढचं व्यंजन एका श्वासात, टाळी वाजवून. ‘फार्म’ला एकच टाळी पडली पाहिजे. दोन पडल्या तर स्वर घुसला.

ब्रिटिश ढब शिकायची असेल तर लोक फक्त र काढून टाकतात आणि फसतात. र जाताना जागा रिकामी ठेवत नाही, मागचा स्वर लांबवून जातो. ‘बर्ड’मधला र काढून ‘बड’ म्हटलंत तर तो कळी या अर्थाचा ‘बड’ झाला. पक्षी हवा असेल तर ‘बऽड’. ‘शर्ट’ ‘शऽट’ आहे. आखूड ‘शट’ म्हणजे बंद. ‘हर्ट’, ‘हार्ट’ आणि ‘हट’ ही तिन्ही केवळ स्वराच्या लांबीवर आणि जातीवर वेगळी राहतात. शिवाय पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की गेलेला र परत येतो: ‘फाऽ’, पण ‘फार अवे’, ‘मदअ’, पण ‘मदर-इन-लॉ’. याला लिंकिंग आर म्हणतात. त्यापुढची पायरी म्हणजे जिथे मुळात र नाहीच तिथेही तो घुसतो. ‘लॉ अँड ऑर्डर’ अनेक इंग्रजांच्या तोंडी ‘लॉर अँड ऑडअ’ होतं, ‘आयडिया ऑव्ह’चं ‘आयडिअर ऑव्ह’. हे ऐकून समजायला हवं, उचलायची गरज नाही.

परीक्षेचं वेगळं. ध्वनिलेखनाच्या प्रश्नात ब्रिटिश प्रमाण उच्चार विचारला असेल तर ‘कार’च्या शेवटी र चं चिन्ह लिहिलं की गुण गेला. तुमचा उच्चार चुकीचा म्हणून नाही. विचारलेल्या ढबीत तो र नाही म्हणून. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी कोशात अशा शब्दांपुढे र कंसात दिसतो, केंब्रिजच्या कोशात तो बारीक, वर चढवलेला असतो. दोन्हींचा अर्थ एकच: पुढे स्वर आला तरच म्हणा. हे चिन्ह शेवटच्या र लाच येतं. ‘कार्ड’च्या ब्रिटिश उच्चारात ते सापडणार नाही, कारण र च्या पुढे ड आहे आणि तो र परत यायला जागाच नाही. कोशात आधी ब्रिटिश आणि मग अमेरिकी उच्चार देतात. कोणता उतरवताय ते पाहून घ्या, आणि एका उत्तरात दोन्ही मिसळू नका. परदेशी शिक्षणासाठी देतात त्या आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या तोंडी भागात उच्चाराला चारपैकी एक हिस्सा गुण असतात. तिथे तुम्ही रोटिक की नॉन-रोटिक याला गुणही नाहीत आणि दंडही नाही. बोलणं विनासायास कळतं का, हे पाहतात.

मराठीत या शब्दाला काय म्हणावं? पाठ्यपुस्तकी भाषेत ‘रकारयुक्त’ म्हणता येईल, पण ‘रकारयुक्त’ म्हटलं तर ‘रेड’मधलाही र डोळ्यांपुढे येतो आणि जागेची अट हरवते. त्यापेक्षा ‘रफारी’ बरा. ‘रफारी इंग्रजी’ म्हटलं की आठवीतल्या पोरालाही कळेल कोणता र राहिला आणि कोणता गेला. शेवटचा र त्यात नीटसा बसत नाही हे खरं, पण रफार म्हणणारा माणूस शेवटचा र सहसा सोडत नाही.

तुमच्या कागदावरच्या शेऱ्यात खरं कौतुक ‘स्पष्ट’ या शब्दात आहे.